पिस्टनवरून काढलेले तीन शतांश

इंजिन अडीच सीसीचं होतं. मुठीत मावेल एवढं, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. माझ्या मोठ्या बहिणीच्या यजमानांचं, म्हणजे आमच्या भाऊजींचं. भाऊजी करडी गावचे, घरची धानाची शेती. कॉलेजात असताना ते हवाई शाखेचे कॅडेट होते आणि तिथे मॉडेल विमानं उडवायला शिकले होते. दोन बारीक पोलादी तारांना बांधलेलं, माणसाभोवती गोल गोल फिरणारं विमान. वडील आजारी पडले म्हणून शिक्षण अर्ध्यात सोडून ते गावी परतले. त्या वेळी विमानं शिकवणाऱ्या सरांनी हे परदेशी इंजिन त्यांच्या हातात ठेवलं. भाऊजी ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर संपवायचे. "सर म्हणाले, हे तुह्यापाशीच राहिलं पाहिजे."

गावात या गोष्टीवर कोणाचा फारसा विश्वास नव्हता. विमान कोणी पाहिलेलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षं ते इंजिन एका डब्यात कापडात गुंडाळलेलं पडून होतं.

गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी तेव्हा जवाहरनगरजवळ राहत होतो आणि एका कारखान्यात तपासणीचं काम करत होतो. समोर आलेला नग मोजायचा, नकाशाशी ताडायचा, पास किंवा नापास लिहायचं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाला आम्ही शतांश म्हणायचो आणि दिवसभर त्याच्याच गोष्टी करायचो. घरीही माझी हीच ख्याती होती. दूधवाल्याचं माप, गवंड्याचा ओळंबा, शिंप्याचा टेप, काही मी तपासल्याशिवाय सोडत नसे. भाऊजी माझी ओळख करून देताना म्हणायचे, "हा आमचा साळा. केसाची जाडी इचारा, सांगते."

त्या वर्षी जानेवारीत ते डबा घेऊन माझ्याकडे आले. चौदा एप्रिलला, जयंतीच्या सकाळी, विहारामागच्या मैदानावर विमान उडवायचं त्यांनी ठरवलं होतं. विमान तयार होत आलं होतं. सावरीचं हलकं लाकूड, वरून पातळ कागद, एक मीटरचा पंख. इंजिन मात्र फिरत नव्हतं.

"जाम झालं गा," ते म्हणाले. "तुले जमते का पाह्य."

"पाहतो. पण हत्यारं बरोबर पाहिजेत."

"पक्कड हाय ना माह्यापाशी."

इंजिनाच्या पुढच्या पंख्याच्या नटाकडे पाहून ते दिसतच होतं. नटाचे सहाही कोपरे पकडीने खाल्ले होते. मी त्यांना तिथेच सुनावलं. वस्तू बिघडते ती माणसाच्या घाईने आणि चुकीच्या हत्याराने, असं काहीतरी. त्यांच्याबरोबर आलेली माझी बहीण, ताई, चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "बाबू, त्यायचे कान पिळ तू. माह्यं तं ऐकतच नाही." भाऊजी हसले. घाईचं आणि चुकीच्या हत्याराचं ते वाक्य मी त्यांना ऐकवलं होतं, हे पुढे मला बरंच आठवत राहिलं.

हत्यारं शोधण्यात माझा दीड महिना गेला. ते सगळं इंजिन इंचाच्या मापाचं होतं आणि आमच्या बाजारात सगळं मिलिमीटरचं. इंजिनाच्या डोक्यावरचे चार स्क्रू षटकोनी खाचेचे, त्यांना अ‍ॅलन की लागते. दोनची की आत गरगर फिरे, अडीचची जाईच ना. खाच मोजली तर २.३८ निघाली. भंडाऱ्यातल्या हार्डवेअरच्या तीन दुकानांत विचारलं. एकाने मला अडीचचीच की दाखवून सांगितलं, "ठोकून बसवा, जाते." मी ती विकत घेतली, पण ठोकली नाही. घरी तेलाच्या दगडावर सहाही बाजूंनी घासत घासत २.३८ वर आणली. तीन संध्याकाळी लागल्या. ती खाचेत बसली तेव्हा जराही हलली नाही आणि चारही स्क्रू न खरचटता निघाले.

पंख्याच्या नटाला ११.११ लागत होतं. अकराचा पाना आत जाईना, बाराचा सैल. जुन्या परदेशी मोटारसायकली दुरुस्त करणारा एक म्हातारा मिस्त्री होता. त्याच्या पेटीच्या तळाशी इंची पाना सापडला. त्याने तो मला वापरायला दिला, विकायला नाही म्हणाला. प्लगसाठी पातळ भिंतीचा नळीसारखा पाना हवा होता, कारण प्लगच्या भोवती इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्या असतात आणि साधा सॉकेट तिथे घुसत नाही. तो मी आठच्या सॉकेटची बाहेरची भिंत लेथवर उतरवून घेतला. प्रत्येक हत्यार मिळालं की मी वहीत लिहून ठेवत असे: कशासाठी, माप किती, कुठून. मला त्या दिवसांत फार समाधान वाटत होतं, हे कबूल करतो. विमानाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. बरोबर हत्यार बरोबर जागी बसतं, त्याचं ते समाधान होतं.

इंजिन जाम होण्याचं कारण साधं होतं. या इंजिनांच्या इंधनात एरंडेल तेल असतं आणि ते वर्षानुवर्षं पडून राहिलं की राळेसारखं घट्ट होतं. मी सुटे भाग थिनरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवले, मऊ ब्रशने धुतले, जोडले. पंखा हाताने फिरवला. फिरला. पण पिस्टन अगदी वर पोचला की अडायचा. जोर लावला की किर्र असा आवाज करून पुढे सरके.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. इंजिन भाऊजींना परत दिलं असतं तर ते म्हणाले असते की हो, असंच असतं. पण मी विचारलं नाही. मी मोजलं.

पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिला लायनर म्हणतात. आतून क्रोमचा मुलामा असलेली पितळेची नळी. खालच्या बाजूला आतलं माप १५.००. वरच्या बाजूला १४.९६. मी पाच वेळा मोजलं, सकाळी मोजलं, गेज बदलून मोजलं. चार शतांशांचा फरक. आमच्याकडे अशी निमुळती नळी समोर आली की दुसरा विचार नव्हता. टेपर आहे, नापास. पिस्टनचं माप १४.९८. म्हणजे वर जाताना तो दोन शतांशांनी मोठा पडत होता. मला वाटलं, करणाऱ्याचीच चूक आहे. एवढ्या नावाजलेल्या देशातलं इंजिन आणि साधं भोक सरळ नाही. मी ते पकडलं, याचा मला चक्क आनंद झाला.

क्रोम घासता येत नाही. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा. मी तो लाकडी खुंटीवर बसवला, खुंटी हाताच्या ड्रिलमध्ये धरली आणि झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने तेल लावून घासला. दर दहा फेऱ्यांनी थांबून मोजत होतो. १४.९५ झाल्यावर थांबलो. तीन शतांश काढले. जोडून पंखा फिरवला तर बोटाने फिरला, कुठे अडणं नाही, आवाज नाही. वहीत तारीख घालून लिहिलं: दोष दूर.

मार्चमध्ये भाऊजी न्यायला आले. त्यांनी पंखा फिरवला आणि क्षणभर थांबले.

"वरते गेल्यावर थोडंसं अडकत होतं पहिले."

"ते काढून टाकलं मी. माप चुकलेलं होतं."

"हो का? मले वाटलं तसंच असते." मग त्यांनी पुन्हा फिरवलं. "लोण्यावानी फिरते आता. मानलं बाप्पा तुले."

गावात त्यांनी सांगून टाकलं होतं. जयंतीच्या मिरवणुकीआधी, सकाळी आठला. मैदानावर पंधरा मीटर तारेचं वर्तुळ कसं बसेल, झाडं किती अंतरावर आहेत, सगळं ते मला फोनवर सांगायचे. मी त्यांना परीघ काढून दिला: चौऱ्याण्णव मीटर.

जयंतीला आठ दिवस असताना मी इंधन आणि नवा प्लग आणायला नागपूरला गेलो. अशा वस्तूंचं एक लहानसं दुकान एका गल्लीत होतं. काउंटरवर नवं कोरं इंजिन ठेवलं होतं. हात फिरवायची सवय, म्हणून मी पंखा फिरवला. वर गेल्यावर अडला. किर्र.

"याचं पण माप चुकलंय," मी म्हणालो.

दुकानदार पिकल्या केसांचा माणूस होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं. "चूक नहीं भाईसाब, ऐसाही चाहिए. चलेगा तो ऊपर ज्यादा गरम होगा, ऊपर ज्यादा फैलेगा. इसलिए ऊपर छोटा रखते हैं. ठंडे में टाइट, गरम में फिट."

 त्यानेच पुढे सांगितलं. "कुछ लोग घिस डालते हैं. फिर गया इंजन. कंप्रेशन ही नहीं बनता."

मी विचारलं, पिस्टन आणि लायनरचा जोड मिळेल का. त्याने इंजिनाचं नाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, हे बनणंच बंद झालं, त्याचे भाग आता येत नाहीत. मी इंधनाची बाटली आणि प्लग घेऊन बसमध्ये बसलो.

चार शतांश मी बरोबर मोजले होते. पण ते मुद्दाम ठेवलेले असू शकतात हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कारखान्यात माझ्या हातात नकाशा असे. नकाशा सांगे काय हवं आणि मी सांगे काय आहे. इथे नकाशा नव्हता आणि तो नसताना मी नग नापास केला होता.

त्या आठ दिवसांत भाऊजींचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा मी सांगायचं ठरवून फोन उचलला. एकदा त्यांनीच विचारलं, "आवाज असा काहून येऊन राहिला तुह्या? तबेत बरी हाय ना?" मी म्हणालो, बरी आहे. स्वतःला मी अशी समजूत घातली होती की कदाचित चालेल. गरम झाल्यावर पिस्टनही फुगतो. एक शतांशाचीच फट आहे वरती. हा हिशोब मी कागदावर केला होता आणि तो मला सोयीचा होईल अशा बेताने केला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी उत्तर आधी ठरवून आकडेमोड केली.

जयंतीच्या सकाळी मैदानावर दोन-अडीचशे माणसं होती. बायका पांढऱ्या साड्या नेसून विहाराच्या सावलीला बसल्या होत्या. भाऊजींनी चुन्याचं वर्तुळ आखलं होतं. स्वतः पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. एका हातात तारांची मूठ. विमान निळ्या रंगाचं होतं आणि खरंच देखणं दिसत होतं. लोक जवळ येऊन वाकून पाहत होते, हात लावत नव्हते.

मी विमान धरून बसलो. भाऊजींनी प्लगला बॅटरी लावली आणि बोटाने पंख्याला झटका दिला. काही नाही. दुसरा, तिसरा. मला हाताला कळत होतं की आत दाबच तयार होत नाही. पंखा रिकाम्या नळीवर फिरावा तसा फिरत होता. मी झटके मोजत होतो. अकराव्याला एकदा फट् झालं, धूर आला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा काही नाही. चाळिसाव्या झटक्याला भाऊजींच्या बोटातून रक्त आलं. त्यांनी ते पँटला पुसलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "इमान हाय का पंखा गा?"

"पंखाच हाय. गरमी तं कमी झाली थोडीशी!"

लोक हसले. वाईट मनाने नाही, पण हसले. मिरवणुकीची वेळ होत होती. बासष्ट झटक्यांनंतर भाऊजी उभे राहिले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साळेबुवा, तू खोलून पाहिलं होतं. सांग बाप्पा लोकायले, काय हाय याच्यात."

त्यांना वाटलं होतं मी त्यांची बाजू सावरीन. मी म्हणालो, "लायनरमध्ये चार शतांशांचा टेपर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे वरचं आणि खालचं माप एक नाही."

"म्हणजे खराब?"

"आमच्याकडे असा नग पास होत नाही."

तिन्ही वाक्यं खरी होती. एकही आकडा मी चुकीचा सांगितला नाही. मी खोटं बोललो नाही, असं त्या दिवशी मी स्वतःला कितीतरी वेळा सांगितलं.

पुढे उभा असलेला एक माणूस, भाऊजींच्याच वयाचा, मोठ्याने म्हणाला, "म्हणजे तुह्या सरानं तुह्या हातात भंगार टिकवलं गा! अन् तू पंधरा वर्सं पुजून राहिला!"

या वेळी हसू मोठं होतं. भाऊजीही हसले. मग त्यांनी तारा गुंडाळायला घेतल्या. पंधरा मीटरच्या दोन तारा, गाठ न पडू देता गुंडाळायला वेळ लागतो. ते संपूर्ण वेळ खाली पाहून गुंडाळत होते. मी विमान धरून तिथेच बसलेला होतो. मिरवणूक सुरू झाली, लोक गेले, आणि तरी मी बोललो नाही.

त्यानंतर दोन वर्षं इंजिनाचा विषय निघाला नाही. येणंजाणं होतं, जेवणंखाणं होतं. फक्त ते सरांचं वाक्य भाऊजींनी पुन्हा कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. हे माझ्या लगेच लक्षात आलं होतं.

मग एकदा ताई दवाखान्याच्या कामाने आमच्याकडे मुक्कामाला आली. भाजी निवडता निवडता तिने सांगितलं, "त्यायच्या सरायचा सत्कार झाला नागपुरात. जुने पोट्टे सगळे जमले. पत्रिका आली होती घरी, मोठी. हे गेले नाही."

"काहून?"

"म्हणे, ज्यानं भंगार देलं त्याच्या गळ्यात हार कायले घालू. मी म्हणलं, अवो, म्हातारा माणूस, बोलावते तं जा. तं माह्यावरच खेकसले." तिने देठ बाजूला टाकला. "सर घरी आले होते त्याच्या पहिले एकदा. अड्याळले कोणाच्या लग्नाले आले होते, तिथून वाट वाकडी करून आले. हे मांगच्या दारानं वावरात निघून गेले. मीच चहा देला बाप्पा. म्हातारा अर्धा घंटा बसून होता."

 इंजिनाचं मला जे वाईट वाटत होतं ते मी इतके दिवस इंजिनाच्या किमतीचंच धरून चाललो होतो. बिघडलं होतं ते दुसरंच.

पुढच्या रविवारी मी करडीला गेलो. धानाची रोवणी चालू होती. भाऊजी पाण्याने भरलेल्या बांधीत गुडघाभर चिखलात उभे राहून रोपांच्या पेंढ्या फेकत होते. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर बूट काढून उभा राहिलो आणि बोलायला लागलो. पितळ किती फुगतं, अ‍ॅल्युमिनियम किती, वरचं माप लहान का ठेवतात, मी काय समजलो, पॉलिश पेपर कुठल्या नंबरचा होता. बोलत राहिलो. त्यांनी दोन पेंढ्या फेकल्या.

"साध्या भाषेत सांग. कोणं बिघडवलं?"

"मी."

"सरानं चांगलं देलं होतं?"

"हो. चांगलं होतं."

"अन् तुले कधी समजलं?"

"जयंतीच्या आठ दिवस आधी."

त्यांचा हात थांबला. रोवणाऱ्या बायका दोन बांध्या पलीकडे होत्या, त्यांचं गाणं ऐकू येत होतं. भाऊजींनी हातातली पेंढी तशीच पाण्यात टाकली. 

"इंजन गेलं तं गेलं," ते म्हणाले. "मले इचारलं असतं तरी मी म्हणलो असतो, घास. मले कायचं समजते त्याच्यातलं. पण मी त्या माणसाले दोन वर्सं मनात शिव्या देल्या. घरी आला तं मी पळून गेलो. माह्या घरून तो माणूस मले न भेटता गेला." पुढची पेंढी उचलत ते म्हणाले, "चिठ्ठी लिही त्यायले. मले दाखव पहिले."

त्यांच्या ओसरीवर बसून मी पत्र लिहिलं. तीन पानं झाली. चार शतांश, तीन शतांश, तापमान, दुकानदाराचं म्हणणं, माझ्या कामाचं स्वरूप, सगळं आलं. कुठलाही तपशील सुटू नये म्हणून मी काळजी घेतली होती. भाऊजी पाय धुऊन आले. उभ्यानेच वाचू लागले. पहिलं पान वाचून त्यांनी बाजूला ठेवलं. दुसरंही. तिसऱ्यावर पेन मागितलं.

"हे आकडे काढ."

"पण त्याशिवाय सरांना कळणार नाही कसं..."

"त्यायले समजते. त्यायनंच शिकवलं मले." ते चिडलेले नव्हते, थकलेले होते. "तुह्या आकड्यानंच झालं हे सगळं. लिही, इंजन मी बिघडवलं. लिही, लोकायसमोर मी चूप राहिलो. लिही, तुमच्या पोराची गलती नाही. बस."

ताई दारात उभी होती. एरवी माझी बाजू घेणारी ती, आतून कोरा कागद घेऊन आली. मी नव्या कागदावर ती तीन वाक्यं लिहिली. सही केली. पत्र अर्ध्या पानाचंसुद्धा झालं नाही. लिहायला दोन मिनिटं लागली असतील, आणि मला वाटत नाही मी त्याहून कठीण काही कधी लिहिलं असेल. भाऊजींनी ते घडी करून खिशात ठेवलं आणि स्वतः जाऊन टपालात टाकलं. माझ्या हाती दिलं नाही.

उत्तर भाऊजींच्या नावाने आलं. ताईनेच फोनवर सांगितलं. त्यात काय होतं ते भाऊजींनी मला सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या महिन्यात ते नागपूरला जाऊन सरांना भेटून आले. ती बस येताना-जाताना आमच्या फाट्यावर थांबते. ते उतरले नाहीत.